हापशाला कुलूप

परवा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडून चिठ्ठी आली. उत्तम शुक्रवारी कोणी कोणत्या उद्गारावर बोलायचं त्याची यादी. मार्च संपत आला की बाजारात कैरी येते आणि आमच्याकडे ही यादी येते. मी ती दारातच उभ्याउभ्या वाचली आणि माझं डोकं फिरलं. तिसऱ्या उद्गारापुढे माझं नाव. पाचव्यापुढे कोण, तर बँकेतले एक तरुण भाऊ. त्यांचा आवाज चांगला आहे म्हणे.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तम शुक्रवार म्हणजे सगळे ज्याला गुड फ्रायडे म्हणतात तो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये उपासना चालते. वधस्तंभावर खिळलेला येशू मरण्याआधी सात वेळा बोलला. ते सात उद्गार मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, सात माणसांना वाटून देतात आणि प्रत्येकाने आपापल्या उद्गारावर वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं असतं. पहिला क्षमेचा, चौथा देवाने मला का सोडलं असं विचारणारा, पाचवा तहानेचा. तिसरा त्याने समोर उभ्या असलेल्या आईला पाहून काढलेला: बाई, हा बघ तुझा मुलगा. आता यात बाईही आली आणि आईही आली, म्हणून हा उद्गार कायमचा बायकांच्या गळ्यात. बाकीचे सहा पुरुषांचे. देवाने आपल्याला का सोडलं हा प्रश्न बायकांना जन्मात कधी पडत नसावा!

मी तडक पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, यंदा मला पाचवा द्या."

ते हसले. चांगले गृहस्थ आहेत, हसतातही चांगले. "ताई, पाचवा जरा गहन आहे. वरवर बघितलं तर नुसती तहान, पण ती तहान पाण्याची नव्हे ना."

बस. इथेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि घरी आले. तेव्हापासून धुमसतेय.

जळगावात, आमच्या पिंप्राळ्यात, एप्रिल लागला की दुपारी रिक्षासुद्धा फिरकत नाही. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, गच्चीत वाळत घातलेल्या पापडांचा वास, आणि रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला की मागे राहणारा तो हिरवा, ओलसर वास. या दिवसांत घशाला कोरड पडली की मी जळगावात राहतच नाही, मनाने सरळ लहानपणीच्या धुळ्याला जाते. आठवी-नववीतली होते मी. तापलेल्या पितळी हंड्याला हात लागला की बसणारा चटका. हापशाचा आवाज: आधी नुसती कोरडी खडखड, मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखं घोगरं खाकरणं, आणि मग एकदम पाणी. त्या पाण्याला लोखंडाची चव होती. अजून जिभेवर आहे.

धुळ्याला आमचं चर्च गावाच्या कडेला होतं. पलीकडे पांझरा नदी, उन्हाळ्यात नावापुरती. आवारात दोन कडुनिंब, एका बाजूला पाळकांचं घर आणि मागच्या भिंतीजवळ हापसा. आम्ही समोरच्या चाळीत राहायचो. पप्पा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि मंडळीचे सेक्रेटरी होते. आई दवाखान्यात नर्स. तिला चाळीत, चर्चमध्ये, बाजारात, सगळीकडे सिस्टरच म्हणत. तिचं खरं नाव मलाच शाळेच्या दाखल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडे वस्ती होती. गाद्या पिंजणारे पिंजारी, हमाल, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायका, थोडी भिल्लांची घरं. सुपडाबाई तिथलीच. आमच्या चर्चचं आवार झाडायची. निंबाचा पाला झाडायला लागली की खराट्याचा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा आणि आई म्हणायची, "उठा, सुपडाबाई आली." चर्चच्या पायरीपर्यंत झाडायची आणि तिथून मागे फिरायची. आत कधी आली नाही, आणि ये म्हणून कोणी बोलावल्याचंही मला आठवत नाही.

आदल्या साली पाऊस रुसला होता. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, आला तरी करंगळीएवढी धार. हापशाला मात्र पाणी होतं. मग काय, वस्तीतल्या बायका मागच्या फाटकातून यायच्या, चाळीतल्या पुढच्या फाटकातून, आणि सकाळपासून हंड्यांची रांग. भांडणं व्हायची. शिव्या व्हायच्या. हापशाभोवती चिखल तर इतका की म्हशी बसतील. आणि त्या चिखलात एका रविवारी आमचे नाना घसरले. नाना म्हणजे मंडळीचे सगळ्यात वडीलधारे पंच, परीटघडीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. ते सपशेल पडले आणि रांगेतल्या चार बायका खो खो हसल्या. त्यात मीही हसले होते, हे आजच सांगून टाकते.

कुलूप लागलं ते या घसरण्यामुळे. बाकी सगळी कारणं नंतर जोडली.

पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण होता. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचा जयजयकार केला, त्याची आठवण म्हणून आम्ही शिंदीच्या झावळ्या घेऊन गाणी म्हणत आवाराला फेरी मारायचो. फेरी संपली, उपासना संपली आणि हातातल्या झावळ्या हातातच असताना कमिटी बसली. ईस्टर तोंडावर आहे, रंगकाम काढायचं आहे, आवाराचं पावित्र्य राखलं पाहिजे, बाहेरची माणसं आत येतात. झालं, ठराव पास! संध्याकाळी सायकलच्या साखळीने हापशाचा दांडा बांधला आणि तिला पितळी कुलूप घातलं. मंडळीच्या घरांसाठी रोज सकाळी अर्धा तास उघडायचं ठरलं. किल्ली सेक्रेटरीकडे. म्हणजे आमच्याकडे. आमच्या घरात वचनांचं कॅलेंडर होतं, प्रत्येक महिन्याला शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन आणि वर कुठल्या तरी थंड देशातल्या तळ्याचं चित्र. त्याच्याच खालच्या खिळ्याला पप्पांनी ती किल्ली अडकवली.

रंगकाम मात्र खरंच निघालं. हापशामागच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत जुनं वचन होतं, तहानलेल्यांना पाण्याकडे बोलावणारं. पेंटरने ते नव्याने गिरवलं. त्याच्या हाताखालीच कुलूप लोंबत होतं. त्याला काय, तो बिचारा अक्षरं गिरवत होता. पण आमच्यातल्या एकाच्याही डोळ्यात ते खुपू नये? सगळे शास्त्र वाचणारे! रोज सकाळ-संध्याकाळ!

सोमवारी सुपडाबाईची सून बाळंत झाली. आई गेली होती. परत आली ती पदराने मान पुसत, आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, "पोरगी झाली. पण बाळंतिणीला ताप आहे, आणि घरात एक कळशी पाणी. तेवढ्यात धुवायचं काय आणि प्यायचं काय? अहो, त्यांना हापशावर येऊ द्या."

पप्पा वह्या तपासत होते. "कमिटीचा ठराव आहे."

"ठराव बाळंतिणीला सांगू?"

"एकीला दिलं की सगळ्या येतील."

"मग येऊ द्या की. पाणी काय नानांच्या शेतातलं आहे?"

पप्पांनी मान वर केली नाही. आता तुम्ही म्हणाल, माणूस दुष्ट होता. मुळीच नाही. मुंगी पायाखाली आली तर पाय उचलणारा माणूस. माझ्या तापात रात्रंदिवस उशाशी बसणारा. पण चारचौघांत नानांना 'नाही' म्हणायची वेळ आली की त्यांचं अवसान गळायचं. भित्र्या चांगल्या माणसाचा मला जितका राग येतो तितका सरळसरळ वाईट माणसाचाही येत नाही.

आणि यातली खरी मेख पुढेच आहे. पाचवा उद्गार पप्पांचा होता. मला तहान लागली आहे, हा. कितीतरी वर्षं त्यांचाच. लोक म्हणायचे, पाचवा ऐकावा तर सरांकडून. त्यांची एक दोनशेपानी वही होती, तीत भाषण लिहिलेलं. दरवर्षी त्यात एखादं वाक्य घालायचे, एखादा शब्द बदलायचे आणि आठवडाभर कपाटाच्या आरशासमोर उभे राहून म्हणायचे. बुधवारी तेच चाललं होतं. आई तांदूळ निवडत होती, मी अभ्यासाचं सोंग करत होते.

"प्रियजनहो," पप्पांनी बोट वर केलं, "ही तहान पाण्याची नव्हती! ती आत्म्यांची तहान होती!"

आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "पाण्याचीच होती."

पप्पा आरशातूनच तिच्याकडे बघायला लागले.

"मी रोज बघते ना. ॲक्सिडेंटची केस येते, रक्त गेलेलं असतं, तो माणूस आईचं नाव घेत नाही, देवाचं घेत नाही, आधी पाणी मागतो. येशूला तर आदल्या रात्रीपासून झोप नाही, फटके मारलेले, हातापायांतून रक्त चाललंय, वर दुपारचं ऊन. त्याला पाणी हवं होतं हो. पाणी."

"तुला नुसता शब्द दिसतो," पप्पा म्हणाले. "त्यातला गूढार्थ नाही."

"गूढार्थाने बाळंतिणीचा ताप उतरत असेल तर नेऊन देते."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पप्पा, त्याला पाणी नको होतं तर तहान लागली असं तो का म्हणाला? खोटं बोलला?"

पप्पा वळले. "आईबापाचा मान राख, ही दहा आज्ञांतली कितवी?"

"पाचवी."

"मग गप्प बस."

आमच्या घरात शास्त्राचा उपयोग असा व्हायचा. मी उलटून बोलले की ही आज्ञा. आईने आवाज चढवला की महिला मंडळातल्या बायका येऊन तिला पतीच्या अधीन राहण्याचं वचन ऐकवून जायच्या, आणि जाताना तिच्याकडूनच डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन जायच्या. चाबकासारखी वचनं नेमकी हाताशी असायची. जी वचनं आपल्याच पाठीवर बसतील ती मात्र सगळी गूढार्थाची. भाकरी म्हटलं की ती आत्मिक भाकरी. पाणी म्हटलं की ते आत्मिक पाणी. विहिरीवर दमून बसलेला येशू परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतो, किती साधी गोष्ट आहे! तिचाही काढा करून, गाळून, त्यातलं पाणी तेवढं काढून टाकून आम्हाला पाजला. पातळ भाजी मात्र कधी आत्मिक झाली नाही. जेवताना मीठ कमी पडलं तर सगळ्यांना खरंच कमी लागायचं.

शुक्रवार उजाडला. ऊन म्हणजे नुसती लाही. आमच्याकडे त्या दिवशी तीन वाजेपर्यंत निर्जळी उपास. लहान पोरं आणि आजारी सोडले तर पाण्याचा थेंब नाही. बारा वाजता आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत बाकांवर. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. वीज गेलेली, तरी बॅटरीवर भोंगा चालू. उपासनेचा आवाज बाहेर जावा म्हणून तो मुद्दाम मागच्या भिंतीकडे तोंड करून बांधला होता. माणसं आत यायला नकोत, पण आमचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे, असा सगळा बेत.

तिसरा उद्गार आईचा. ती कधी कागद न्यायची नाही. उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "मरणारा माणूस आपल्या आईची सोय लावतोय. उद्यापासून हिला जेवायला कोण घालील, हिच्यासाठी पाणी कोण भरील. एवढ्या वेदनेत त्याला घरातला हंडा आठवला. आपण शुद्धीवर आहोत, आपल्याला काहीच लागलेलं नाही, तरी आपल्याला आठवत नाही. मला एवढंच सांगायचं आहे." आणि खाली बसली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. नाना मोठ्याने खाकरले. माझ्या शेजारच्या बाईने हळूच माझा हात दाबला. मला वाटलं, आता पप्पा वही बंद करतील. आता तरी करतीलच. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि खरं सांगते, त्या तीन तासांत तेवढी एकच प्रार्थना मी मनापासून केली.

चौथा झाला. पप्पा उठले, वही उघडली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, जीभ टाळूला चिकटत होती. शब्द उच्चारताना टकटक आवाज येत होता आणि भोंग्यातून तो आणखी मोठा होऊन बाहेर जात होता. त्यांनी बोट वर केलं.

"प्रियजनहो, ही तहान पाण्याची नव्हती."

अक्षरन् अक्षर वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मी माझ्या बापाकडे बघत होते आणि मला लाज वाटत होती. त्यांच्यावर एवढं प्रेम असताना एवढी लाज वाटणं, ते मी तोपर्यंत कधी अनुभवलं नव्हतं.

तीन वाजता घंटा झाली. बाहेर निंबाखाली माठात लिंबाचं सरबत. पाणी अर्थात हापशाचं, सकाळीच काढून ठेवलेलं. लोक पेल्यांवर तुटून पडले. मीही प्यायले, घटाघटा, दोन पेले. आणि मागच्या फाटकाशी सुपडाबाई उभी, काखेत रिकामा हंडा. आई पेला हातात तसाच ठेवून तिच्याकडे गेली, मी तिच्या मागे.

सुपडाबाईने भांडण केलं नाही. तिचा चेहरा खरंच काहीतरी समजून घ्यायचं आहे असा होता. "सिस्टरबाई, तुमना देव आज पानी मांगस ना? भोंगामा आयकं मी. मंग, दिधं का कोनी त्याले?"

तुमचा देव आज पाणी मागतो ना, मी भोंग्यात ऐकलं, मग दिलं का कोणी त्याला? त्याला वधस्तंभावर कोणी तरी स्पंजात भिजवून आंब दिली होती, म्हणजे आंबट दारू. शिपायांनी. मारणाऱ्यांनी. आम्ही तर तेवढंही दिलं नव्हतं.

आई तशीच वळली, निंबाखाली आली आणि सगळ्यांच्या देखत पप्पांपुढे हात पसरला. "किल्ली."

पप्पांनी नानांकडे बघितलं. मग आईकडे. "आज नको. सोमवारी कमिटीत विषय घेतो."

"सोमवारपर्यंत तिला काय पाजू? तुमची वही?"

पप्पांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मी पाहिला. खिशावर टेकला, आणि तिथेच थांबला. किल्ली त्या दिवशी खिशातच होती. नाना म्हणाले, "सिस्टर, आजच्या दिवशी तरी शांतता ठेवा." पप्पांचा हात खाली आला.

आईने सरबताचा भरलेला पेला बाकावर ठेवला आणि घरी निघाली. आमच्या घरचं साठवलेलं दोन हंडे पाणी, एक तिच्या डोक्यावर, एक माझ्या कंबरेवर. पांढऱ्या साडीत, चर्चच्या पुढच्या फाटकातून आत, सगळ्या पंचांच्या मधून, मागच्या फाटकातून बाहेर. कोणी अडवलं नाही. कोणी हातही लावला नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी पाजलं. त्यानंतर आमच्या घरात पुढचा नळ येईपर्यंत रोज सकाळच्या अर्ध्या तासात जे मिळायचं त्यातलं निम्मं मागच्या फाटकातून जायचं. पप्पा एका तांब्यात आंघोळ करायचे. तक्रार केली नाही त्यांनी. हेही लिहायला हवं.

सोमवारी कमिटी बसली. मोठ्या मनाने ठरवलं की सुपडाबाई आवार झाडते, तेव्हा तिला रोज एक हंडा द्यावा. पप्पा स्वतः सांगायला गेले, मोठा तोडगा काढल्यासारखे. ती हापशाजवळच झाडत होती. तिने ऐकून घेतलं.

"बठ्ठी गल्लीले तीस लागेल शे, भाऊ. मी एकली पानी कशी लई जाऊ?"

सगळ्या गल्लीला तहान लागलीय, मी एकटी कशी नेऊ? एवढं बोलून तिने खराटा हापशाला टेकवून ठेवला आणि गेली. पुन्हा आली नाही. महिनाभराने कळलं की घरदार गुंडाळून चोपड्याकडे गेली, केळीच्या कामाला. सून जगली, पोरगीही जगली, ते आईमुळे. खराटा बरेच दिवस तिथेच टेकलेला होता. पाऊस पडला, नळाला पाणी आलं, कुलूप निघालं, कोणी ते काढायचा ठरावही केला नाही.

यानंतर मी तिडकीने शास्त्र वाचायला लागले. दुसऱ्यांना मारायला नव्हे, आमच्याच माणसांना पकडायला. जिथे जिथे पाणी येतं तिथे पेन्सिलने खूण. आणि मोठी झाले, नोकरीला लागले, पाटबंधारे खात्यात कारकून; म्हणजे पाण्याशी संबंध फक्त कागदावर. लग्न होऊन पिंप्राळ्याला आले, पप्पा रिटायर झाल्यावर दोघांना इकडेच आणलं. मला वाटायचं, त्या आवारातल्या माणसांपेक्षा मी निराळी आहे. फार अभिमान होता मला माझ्या रागाचा.

मग गेल्या उन्हाळ्यात कॉलनीची मीटिंग झाली. रस्त्यापलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या आहेत. त्यांच्या बायका आमच्या बोअरवर यायच्या. चिखल होतो म्हणाले. शब्दसुद्धा तोच, चिखल! पंपाच्या खोलीला कुलूप घालायचं, किल्ली महिन्यामहिन्याने एकेका घरी. विरोध कोणाचा, असं विचारलं. मी हात वर केला नाही. मी पर्समध्ये काही तरी शोधत बसले. काय शोधत होते ते अजून सांगता येत नाही. घरी येऊन पप्पांना कौतुकाने सांगितलं की मी काही बाजूने मत दिलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. आई जन्माची नर्स, ती खाटेजवळ पहाऱ्याला बसलेली. दुपारी पप्पांनी डोळे उघडले. ओठ तसेच पांढरे.

"तहान लागलीय गं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. आणि इतक्या वर्षांचं तिच्या आत साठलेलं होतं ते शांतपणे बाहेर आलं. "कसली? पाण्याची, का आत्म्यांची?"

असं कोणी विचारतं का, अशा वेळी? पण पप्पांना राग आला नाही. त्यांनी ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. मग म्हणाले, "पाण्याची गं बाई. पाण्याची." डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. "पाण्याचीच असते."

आईने कापूस भिजवून पिळला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवला. पुन्हा भिजवला, पुन्हा फिरवला. तेव्हा त्यांनी विचारलं, "सुपडाबाई कुठं असते हल्ली?"

आईलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आम्ही दोघी कधी चोपड्याला गेलोच नव्हतो. जळगावहून दिवसात जाऊन येता येतं.

आता पप्पा बरे आहेत. खुर्चीत बसून पेपर वाचतात. परवा पाळकसाहेबांकडून आल्या आल्या मी ती चिठ्ठी त्यांच्यासमोर आपटली आणि तोंड सोडलं. पाळकसाहेब, बँकेतले भाऊ, तिसरा उद्गार, गूढार्थ, सगळ्यांचा उद्धार केला. म्हटलं, मी पाचवा मागून घेणार म्हणजे घेणार. उभी राहून सांगणार की ती तहान पाण्याचीच होती, कोणाला काय वाटायचं ते वाटो.

पप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पेपरची घडी घातली.

"तुमच्या बोअरचं कुलूप निघालं का गं?"

माझा हात सवयीने पर्समध्ये गेला. पण या खेपेला काय शोधायचं ते मला ठाऊक होतं. या महिन्यात पंपाच्या किल्लीची पाळी आमची आहे. किल्ली रुमालाखालीच होती.